गाडी ठोकून पळाला: त्याला शोधायचं की सरळ आपल्या इन्शुरन्सचा क्लेम टाकायचा?

शोधायचं असेल तर लगेच हालचाल करा, कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि आजूबाजूच्यांना पण ताजं ताजं विचारलं तरच नीट आठवतं. गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, लांबून पण आणि जवळून पण, आणि घासलंय तिथे दुसऱ्या गाडीचा रंग लागलाय का बघा. पांढऱ्या बंपरवर लाल पट्टा उमटला असेल तर फडकं मारू नका, पुरावा आहे तो. जमिनीपासून किती उंचीवर लागलंय यावरून कार होती की ट्रक याचा पण अंदाज येतो. नंबर मिळाला की पोलिसांकडे द्या, स्वतः त्याच्या दारात जाऊन भांडायचं नाही (डोकं फिरतं हो, मान्य). जमलं तर खर्च त्याच्या इन्शुरन्समधून निघतो.

क्लेमला धावपळ कमी, पण पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान कव्हर असेल तरच, नुसती थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी) असेल तर विषयच संपला. त्यात थोडी रक्कम आपल्या खिशातून जाते, वर बहुतेक वेळा नो क्लेम बोनस (क्लेम न टाकल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पण जातो, म्हणजे साध्या ओरखड्यासाठी क्लेम टाकणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. दरवाजाच आत गेला असेल तर मात्र बिनधास्त टाका.

मी तर पोलिसात तक्रार आधी करेन, कारण क्लेम टाकला तरी कंपनी बऱ्याचदा तिची कॉपी मागतेच.