बोअर कैद्याची डबी पडली बावीस हजारांना

नगरचा किल्ला म्हटलं की १९४२ साली तिथे डांबलेले नेहरू लोकांना आठवतात. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९०१-०२ मध्ये, इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतले बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक, युद्धकैदी म्हणून जहाजांनी आणून नगरला ठेवले होते, हे फार कुणाला ठाऊक नसतं. हिंदुस्थानातल्या सगळ्या छावण्या मिळून असे नऊ हजारांच्या आसपास कैदी होते. बसून वेळ जाईना म्हणून ते लाकूड आणि हाडं कोरायचे, डब्या, पाइप, काठ्या करून विकायचे. आपल्या गावच्या छावणीतली एखादी वस्तू घरात असावी, ही माझी जुनी हौस. तीच नडली.

एका ओळखीच्याच्या ओळखीतून माणूस आला. त्याचे पणजोबा म्हणे नगरजवळच्या भिंगारला छावणीत दूध घालायचे, कैद्याने खुशीने ही डबी दिली. झाकणावर डच भाषेत 'युद्धकैदी', खाली 'अहमदनगर १९०१'. मी भारावलो. "केप टाउनचं गिऱ्हाईक थांबलंय, पण वस्तू गावातच राहावी असं वाटतं," हे ऐकल्यावर घासाघीससुद्धा धड केली नाही. बावीस हजार, गुगल पे, पावती नाही.

महिनाभराने ओल्या कापसाने पुसली तर कापूस तपकिरी. वास बुटाच्या पॉलिशचा! मग भिंग काढलं. बिजागरीला स्टार स्क्रू. हे स्क्रू बाजारात आले १९३० नंतर. फोन केला तर पठ्ठ्या म्हणतो, "बिजागरी नंतर बदलली हो काका." एवढा वेळ गप्प बसलेली माझी अक्कल तेव्हा जागी झाली. बदलली असेल तर खाली जुनी भोकं हवीत. पट्टी काढून पाहिली: भोकं तेवढीच, आणि आतलं लाकूड पांढरंफटक, काल कापल्यासारखं.

अक्षरांचंही तेच. त्या काळचे बोअर लिहायला सहसा डच वापरत. डचमध्ये 'युद्धकैदी' या शब्दात आय आणि जे ही अक्षरं जोडून येतात, डचमधूनच निघालेल्या आजच्या आफ्रिकान्स भाषेत त्या जागी एकटा वाय. माझ्या डबीवर वाय होता. कुणीतरी इंटरनेटवरून शब्द उचलून मशीनने कोरला होता, रेषांच्या कडेला जळल्याचे बारीक डागही होते.

शंभर वर्षांवरच्या कलावस्तूंच्या धंद्याला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आधी तेवढं विचारलं असतं तरी तो उठून गेला असता. पणजोबांच्या गोष्टीऐवजी बिजागरी आधी बघायला हवी होती. पोलिसांत अर्ज दिलाय. पैसे परत आलेले नाहीत.

परवा पुण्याच्या एका मित्राने फोटो पाठवला, "घेऊ का?" तीच घडण, तेच स्टार स्क्रू. फक्त नगरच्या जागी सिलोनमधली (आजच्या श्रीलंकेतली) बोअर कैद्यांची दियातलावा छावणी, आणि पणजोबा या वेळी जहाजावर खलाशी.