आयडलचा स्क्रू पिळला, बिल लावलं ओव्हरहॉलचं

जुनी गाडी, इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरची. एक्सिलरेटरवरून पाय काढला की आयडलला, म्हणजे नुसतं इंजिन चालू असताना, थरथरून बंद पडायची. मिस्त्री म्हणाला, "कार्बोरेटर पूर्ण खोलावा लागेल, पॅकिंगचं नवीन किट टाकू." संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर इंजिन झकास चालू. जरा जास्तच झकास. बिल भरलं आणि खूश होऊन निघालो.

घरी चावी बंद केली तरी इंजिन दोन-चार धक्के देत गुरगुरत राहिलं. शंका तेव्हाच यायला हवी होती. आली पेट्रोल जास्त जायला लागल्यावर.

इंजिनचे मिनिटाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर जोडला. गरम इंजिन, गार इंजिनासाठी हवा अडवणारा चोक पूर्ण उघडा, तरी आकडा १३०० च्या वर. गाडीच्या पुस्तिकेत ८००. म्हणजे गड्याने थ्रॉटलचा, म्हणजे एक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, स्टॉप स्क्रू पिळून ती किलकिली ठेवली होती, बाकी काही नाही. मग आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घेतला. खरं तर इंजिन गुदमरायला हवं. इथे ढिम्म फरक पडेना. झडप गरजेपेक्षा उघडली की तिच्या कडेजवळची पुढची भोकंही पेट्रोल सोडू लागतात, आणि मिक्श्चरचा स्क्रू नावापुरता उरतो.

झाकण खोललं तेव्हा मात्र डोकं फिरलं. आतलं पॅकिंग जुनंच, वाळून कडक झालेलं. पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत तळाला गाळ. हे म्हणे नवीन किट! जुने पार्ट दाखव म्हटलं तर उत्तर आलं, "कचऱ्यात गेले." पार्ट आधीच मागून ठेवले असते तर हा खेळ जमलाच नसता. चूक माझीही.

मूळ दुखणं वेगळंच होतं. चालू इंजिनावर, प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर वाचवून, कार्बोरेटरच्या बुडाशी पाण्याचा बारीक फवारा मारला; एका कोपऱ्यावर पाणी पडताच इंजिनचा आवाज बदलला. बुडाचं पॅकिंग तडकून तिथून हवा ओढत होतं. मिश्रणात हवाच जास्त, म्हणून आयडलला बंद.

ते एक पॅकिंग बदललं. स्टॉप स्क्रू जवळजवळ दोन आटे मागे आला, तेव्हा कुठे ८०० लागले. मिक्श्चरचा स्क्रू आता पाव आटा फिरवला तरी आवाजात कळतं. अशी कार्बोरेटरची गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा हा स्क्रू तुमच्यासमोर आत फिरवून दाखवायला सांगा. इंजिन मरायला लागलं नाही, तर पैसे देऊ नका.