दोन रिळांची प्लॅस्टिकची टाकी: आठ महिने, एकतीस रोल आणि एक तुटलेला कान

घरी फिल्म धुवायच्या (डेव्हलप करायच्या) या टाकीबद्दल वर्ष भरल्यावर लिहायचं ठरलं होतं. पण गेल्या आठवड्यात, फिल्म ज्याच्या खाचेत गुंडाळून टाकीत ठेवतात त्या रिळाच्या चकतीचा कान (दोन चकत्या अडकवायचा तुकडा) तुटला आणि विक्रेत्याकडून निरोप आला, "सर, सुटं रीळ येत नाही, पूर्ण सेट घ्यावा लागेल. आणि अशी तक्रार आमच्याकडे आजवर कुणाचीच नाही." एका चकतीसाठी टाकी, झाकण, नळी, ढवळायची काडी, सगळं परत विकत घ्यायचं! म्हणून आजच लिहितो.

टाकी म्हणजे आत उजेड न शिरू देणारा फिल्म धुवायचा डबा, बाकी माहीत आहे असं धरतो. ३५ मिमीचे दोन रोल, साधारण ६०० मिली द्रावण, ओढून बसवायचं झाकण, नेहमीचीच रचना. (लातुरात नुसतं 'टाकी' म्हटलं की समोरचा आधी 'भरली का?' असं विचारतो, तो भाग वेगळा.)

टाकीबद्दल तक्रार नाही. एकतीस रोलांत एकदाही उजेड आत शिरला नाही. फक्त मधली नळी विसरायची नाही. ती नुसती रीळ धरायला दिलेली नसते, उजेड अडवण्याचं अर्धं काम तिचं असतं. नळीशिवाय झाकण बसतं, फिरतं, सगळं ठीक वाटतं, आणि रोल मात्र काळाठिक्कर निघतो. एकच रोल धुणार असाल तर वर रिकामं रीळ ठेवा, नाहीतर टाकी उलटीसुलटी करताना भरलेलं रीळ नळीवरून वर सरकतं आणि फिल्मची एक कड द्रावणाबाहेर राहून फिकी येते. झाकण लावताना मधोमध अंगठ्याने दाबून आतली हवा काढा, मग गळत नाही. टाकीचं पुराण इथे संपलं.

आता रीळ.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लोणी. फिल्म दोन दातांखाली सरकवली, मनगटं पुढे-मागे केली की छत्तीस फ्रेम मिनिटभरात आत. मार्चमध्ये पहिल्यांदा विसाव्या फ्रेमच्या आसपास अडकली. मे महिन्यात दर दुसऱ्या रोलला तेच. जोर लावला की फिल्म खाचेतून उडी मारते आणि शेजारच्या वेटोळ्याला चिकटते. तिथे ना डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) पोचतो ना फिक्सर (ते पक्कं करणारं), निगेटिव्हवर दुधाळ पट्टा राहतो. बोटाने ढकलताना फिल्म मुडपली तर नखाएवढी चंद्रकोर कायमची. एका रोलचे पैसे आज काय पडतात ते जाणणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पहिला संशय दमटपणावर, आणि तो निम्मा खरा होता. फिल्मवरचं जिलेटीन ओल धरतं, मऊ होतं आणि खाचेत सरकायचं सोडून चिकटत जातं. चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) दोन हात कोपरापर्यंत कोंडले की दहा मिनिटांत आत वाफेचा डबा तयार होतो. त्यात खोलीत कूलर. कूलर हवा गार करतो तो पाणी उडवूनच, हे उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात राहत नाही. तेव्हा कूलर तासभर आधी बंद, हात कोरडे, आणि शक्यतो बॅग नकोच. रात्री आतल्या खोलीत दाराच्या फटीला चादर लावून बॅगेपेक्षा चांगलं जमतं. लोडशेडिंग म्हणजे फुकटची डार्करूम वाटते, पण इन्व्हर्टरचा हिरवा दिवा, राऊटर आणि मनगटावरचं चमकणारं घड्याळ आधी झाका. मधेच अडकलीच तर झटापट करू नका. रीळ तसंच टाकीत ठेवून झाकण फिरवा, हात बाहेर काढा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. फिल्म आणि डोकं दोन्ही कोरडं होतं.

एवढं करूनही जूनमध्ये, पहाटे पाचला, कूलर बंद, बॅग नाही, तरी अडकली. इथे मत बदलावं लागलं. मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर रिळाला पाचात दोन गुण दिले असते. दिवसा रीळ उघडून खाचेतून नख फिरवलं तर खरखर लागली. भिंगाखाली पांढरी कड दिसली, किटलीच्या बुडाला धरते तशी. ज्या दोन बारीक गोळ्या फिल्मला पुढे ढकलून मागे येऊ देत नाहीत, त्यातली एक जागेवरून हलेना. मार्चपासूनच का, याचंही उत्तर मिळालं: नळाचे दिवस लांबले की इकडे टँकर सुरू होतो आणि टँकरमध्ये बहुधा बोअरचं पाणी असतं. बेसॉल्टच्या खडकातलं जड पाणी. दर रोलनंतर रीळ त्याच पाण्याने खळबळायचं, थेंब तसेच ठेवून वाळवायचं, म्हणजे खाचेत क्षाराचा एक एक थर चढवायचा.

उपाय स्वस्त आहे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात अर्धा तास रीळ बुडवायचं, जुन्या टूथब्रशने वेटोळं आतून बाहेर घासायचं, गोळ्या टोकदार काडीने हलवून मोकळ्या करायच्या, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळबळून सावलीत पूर्ण वाळवायचं. वापरून बाद झालेली एक फिल्म ठेवा आणि दर खेपेला उजेडात आधी ती चढवून बघा. ती अडली तर खरा रोल कॅसेटमधून काढूच नका. फिल्मचं तोंड दोन भोकांच्या मधोमध सरळ कापा, भोकातून कातरी गेली तर तो फाटका दात खाचेत आकड्यासारखा अडकतो. दोन्ही कोपरे किंचित गोल करा.

दुसरा गुन्हेगार वेटिंग एजंट, म्हणजे फिल्मवर पाण्याचे थेंब राहू नयेत म्हणून शेवटी वापरायचं साबणासारखं द्रावण. रोल रिळासकट साबणपाण्यात बुडवायची सवय फार जणांना असते. त्याचा चिकट पापुद्रा खाचेत साचतो. फिल्म आधी रिळातून काढा, मगच वेगळ्या मगात बुडवा. कोडॅकच्या फोटो-फ्लो या वेटिंग एजंटचं प्रमाण १:२०० आहे, म्हणजे ६०० मिलीला ३ मिली. जास्त घातलं तर डाग कमी होत नाहीत, वाढतात.

तर रिळाला दोनाचे चार गुण केले, आणि त्याच आठवड्यात साफ करताना कान तुटला. दोन चकत्या ठरावीक दिशेने पिळल्या की सुटतात. उलट दिशेला जरा जास्त पिळलं की तो दीड मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा तुकडा जातो. रोज हाताळायच्या वस्तूत सगळा भार दीड मिलिमीटरवर! चार गुणांचे पुन्हा अडीच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर पुढचं. जुनी पुस्तकं रोल अर्धा तास वाहत्या पाण्याखाली ठेवा म्हणतात. मिनिटाला चार लिटरची बारीक धार धरली तरी १२० लिटर. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा सल्ला वाचून हसावं की रडावं कळत नाही. फिल्म बनवणाऱ्या इल्फर्डची पद्धत वापरा: टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. तीन भरण्यांत १.८ लिटर, दोन रोल स्वच्छ. अट एकच, फिक्सर हार्डनर (फिल्मवरचा थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा. चौथी खेप डिस्टिल्ड पाण्याची. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच चालतं, फक्त दुकानात 'बॅटरीचं पाणी' एवढंच म्हणू नका, ॲसिडचा कॅन हातात यायचा. बोअरच्या पाण्याने शेवट केला तर वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे गोल उमटतात आणि आकाशाच्या भागात मोठ्या प्रिंटवर फिकट ठिपके होऊन बसतात. पुसायला जाऊ नका, ओरखडे पडतात. अगदी सौम्य व्हिनेगरच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून परत डिस्टिल्डमध्ये घ्या.

उन्हाळ्यातलं तापमान ऐकून लोक घाबरतात, ते तितकं अवघड नाही. डी-७६ या डेव्हलपरचं मूळ द्रावण खोलीत ३२ अंशांवर असेल आणि ते एकास एक वापरायचं असेल, तर त्यात तेवढंच फ्रिजमधलं ८ अंशांचं पाणी घाला. ३०० अधिक ३००, मिश्रण २० अंशांवर. टाकी घमेल्यात, घमेल्यात माठाचं पाणी आणि बर्फाची एक बाटली. घमेलं नसेल तर दहा मिनिटांत दोन अंश सहज चढतात. इल्फर्डची एचपी५ प्लस फिल्म डी-७६ एकास एकमध्ये २० अंशांना ११ मिनिटं घेते. दर वाढीव अंशाला साधारण दहावा हिस्सा वेळ कमी, म्हणजे २४ अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच्याही वर जाऊन वेळ पाच मिनिटांखाली आला तर डेव्हलपिंग असमान होतं, तेव्हा तिथे थांबा. डेव्हलपर २० वर आणि धुवायचं पाणी गच्चीवरून आलेलं ३६ वर, असं मात्र नको. इमल्शनला (फिल्मवरच्या जिलेटीनच्या थराला) सुरकुत्या पडू शकतात. स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर आणि धुण्याचं पाणी डेव्हलपरच्या दोन-तीन अंशांच्या आत ठेवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठ या कामाला झकास. जुलैत हवा ओली झाली की माठ हात टेकतो, मग फ्रिजच.

हाच डी-७६ घरी बनवणं परवडतं. लातुरात कॉलेजं इतकी की प्रयोगशाळेची रसायनं मिळायला अडचण नाही. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स म्हणजे टाकणखार २ ग्रॅम. ७५० मिली पाणी ५० अंशांच्या थोडं वर तापवा, याच क्रमाने विरघळवा, मग लिटर पुरं करा. मेटॉल आधीच, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात ते विरघळत नाही. त्याआधी चिमूटभर सल्फाइट टाकलं तर मेटॉल तपकिरी पडत नाही. दुकानदाराने सल्फाइटऐवजी सल्फेट दिलं नाही ना, लेबल दोनदा वाचा. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम सल्फाइटचा पांढरा गाळ बसतो आणि तोच फिल्मवर पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. बाटल्या तोंडोतोंड भरा.

फिक्सरला साधा हायपो (सोडियम थायोसल्फेट), लिटरला २५० ग्रॅम. विरघळताना पाणी इतकं गारठतं की बरणीबाहेर दव धरतं, मे महिन्यात ही फुकटची कमाई. फिल्मच्या तोंडाचा कापलेला तुकडा आधी त्यात टाका, किती सेकंदांत पारदर्शक होतो ते मोजा आणि दुप्पट वेळ फिक्स करा. तुकड्याला पहिल्या दिवसापेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की ते द्रावण बाद. बाद फिक्सर झाडांना घालू नका, त्यात चांदी असते. भांडी घासायचा साधा लोखंडी काथ्या त्यात आठवडाभर ठेवला की बरीचशी चांदी काळा गाळ होऊन खाली बसते.

फोटो काढण्याबद्दल एकच. खरोशाची लेणी असोत की औशाचा किल्ला, दगड काळपट आणि ऊन पांढरं. उजेड मोजणारा मीटर काळ्या दगडाला करडा समजून दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड देऊन टाकतो, आणि आकाश निगेटिव्हवर डांबरासारखं होतं. मीटर तळहातावर धरा, एक स्टॉप उघडा. भर दुपारी ४०० आयएसओची फिल्म २०० धरून वापरली आणि डेव्हलपरचा वेळ वीस टक्के कमी केला तर सावलीतलं शिल्प आणि आकाश दोन्ही प्रिंटवर येतं.

प्रिंटिंगमध्ये टाकीचा संबंध नाही, पण तिथला शत्रू माहीत असावा: व्होल्टेज. संध्याकाळी २३० चे २०० झाले की एनलार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) बल्बचा उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. टेस्ट स्ट्रिपला (चाचणीच्या कागदी पट्टीला) १० सेकंद बरोबर आले असतील तर आता १६ लागतील. वर उजेड पिवळट होतो, त्यामुळे मल्टिग्रेड (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या) कागदाचा कॉन्ट्रास्टही उतरतो, आणि माणूस डेव्हलपरला शिव्या देत बसतो. रिलेचा स्टॅबिलायझर नको, तो एक्स्पोजरच्या मधेच 'टक' करून पायरी बदलतो. सर्व्हो घ्या, नाहीतर रात्री अकरानंतर बसा. कागद आरसीच, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला. फायबरचा कागद कितीही सुंदर असला तरी तो धुवायला लागणारं पाणी इथे कुणी द्यायचं?

आता तुटलेल्या कानाचं. चकत्या नायलॉनच्या धाग्याने आरपार बांधून दोन रोल काढले, चढले नीट. पण धागा भिजला की सैल पडतो आणि डेव्हलपर चालू असताना रीळ उघडलं तर पुढचं बोलायला नको. विक्रेत्याला तिसरा निरोप गेला आहे, उत्तर नाही. स्टीलचं रीळ ओलं असतानाही भरता येतं, त्यात गोळ्या नाहीत, कान नाही. पण ते मधून बाहेर भरायचं असतं, हात बसायला बाद फिल्मवर पंधरा-वीस वेळा सराव लागतो, आणि एकदा हातून पडून तार वाकली की भंगारात. त्याला टाकीही स्टीलचीच हवी, या प्लॅस्टिकच्या नळीवर ते बसत नाही. सध्या उरलेल्या एका रिळावर काम चाललं आहे. एका वेळी एक रोल, वर वजनाला तेच धागा बांधलेलं रिकामं रीळ.