पपी फूड चांगलं, झिप भिकार: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी तीन तारे. कापलेल्या दोनांपैकी दीड एकट्या झिपचा आहे, उरलेला अर्धा सोबत फुकट येणाऱ्या मापाच्या कपाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अशी झिप बऱ्याच पाकिटांना दिसते. घटक, प्रथिनांचे टक्के, दाण्याचा आकार हे सगळ्यांना माहीत आहे, तेही पुन्हा लिहीत नाही. ज्यांचं पिल्लू बाऊलपाशी येतं, वास घेतं आणि मान फिरवून निघून जातं, त्यांनी पुढचं वाचावं.

साडेसात किलोच्या पाकिटाला वरच्या काठावर प्लास्टिकची दाबायची झिप आहे. सुरुवातीला ती व्यवस्थित लागते. मग दाण्यांचा भुगा आणि चरबी खाचेत जाऊन बसते. मधला भाग लागतो, दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट राहते. पाकीट जड असल्यामुळे उचलताना माणूस तिथेच धरतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत झिपची पट्टी एका बाजूने पाकिटापासून सुटते. इथून पुढे पाकीट उघडंच आहे असं धरा.

एवढ्याशा झिपवर इतकी चिडचिड कशासाठी, तर किबल, म्हणजे हे कोरडे दाणे, कसे बनतात ते बघा. पीठ दाबाने आणि उष्णतेने साच्यातून काढून वाळवलं की दाणा तयार होतो, पण तो बऱ्यापैकी बेचव असतो. नंतर त्याच्यावर चरबी आणि ‘डायजेस्ट’, म्हणजे एन्झाइमने विरघळवलेलं काळीज वगैरे फवारतात. पिल्लाला ओढणारा वास या बाहेरच्या थरात असतो, आणि हवा नेमकी त्याच थराला लागते. पपी फूडमध्ये मेंदूच्या वाढीसाठी डीएचए हे ओमेगा-3 मेदाम्ल असतं, ते बहुधा माशाच्या तेलातून येतं आणि असं तेल चटकन खवट होतं. टिकवण्यासाठी घातलेलं टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं रसायन, पाकीट बंद असेपर्यंत काम करतं. हवा लागत राहिली की तेही हळूहळू खर्ची पडतं. आपल्या नाकाला फरक कळायच्या बराच आधी पिल्लाला कळतो.

शंका असेल तर तपासणं सोपं आहे. पाकिटाच्या तळातले पाच-सहा दाणे तळहातावर घ्या, कोमट पाण्याचे दोन थेंब टाका, चोळा आणि हुंगा. ताज्या दाण्याला भाजल्यासारखा, मांसाचा वास येतो. शिळ्याला जुन्या तेलाचा किंवा ऑइलपेंटच्या डब्याचा येतो. याहून पक्की परीक्षा म्हणजे त्याच खाद्याचं सगळ्यात लहान पाकीट आणून दोन ताटल्या शेजारी ठेवायच्या, एकीत नवं, दुसरीत जुनं. नवं चाटूनपुसून संपलं आणि जुनं तसंच राहिलं, तर ब्रँड बदलायची गरज नाही. दोन्ही नाकारलं, तर खाली वाचा.

झिपबद्दल तक्रार केल्यावर कस्टमर केअरकडून ठरलेलं उत्तर येतं: दाणे हवाबंद डब्यात ओतून ठेवा. ओतू नका. प्लास्टिकच्या डब्याच्या भिंतींना जुनी चरबी चिकटून राहते आणि नवीन पाकीट त्या खवटपणात पडतं. शिवाय बॅच नंबर आणि तारीख पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. खाद्यात गडबड निघाली किंवा कंपनीने माल परत मागवला, तर सगळ्यात आधी बॅच नंबरच विचारतात. योग्य पद्धत अशी: पाकीट आहे तसं, आतली हवा दाबून, वरून घट्ट गुंडाळून, क्लिप लावून, रबरी गॅस्केट असलेल्या डब्यात अख्खं ठेवायचं. तापमान 27 अंशांच्या खाली, गॅसची शेगडी आणि उन्हाची खिडकी दोन्ही टाळून. फ्रिजमध्ये नको, कारण प्रत्येक वेळी बाहेर काढल्यावर दाण्यांवर दव धरतं आणि ओल म्हणजे बुरशी. पाकीट संपल्यावर डबा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा.

आता काटकसरीचा हिशेब. उघडलेलं पाकीट साधारण सहा आठवड्यांत संपवावं. पिल्लू रोज 120 ग्रॅम खात असेल तर 42 दिवसांत पाच किलो होतात. साडेसात किलोचं पाकीट घेतलं तर शेवटचे अडीच किलो मुदतीबाहेर खाल्ले जातात, खरं म्हणजे खाल्लेच जात नाहीत. किलोमागचा भाव कमी दिसतो, पण एक तृतीयांश फेकलं तर ते पाकीट दीडपट महाग पडलं. तीन किलोचं पाकीट 25 दिवस जातं. झिप तीच असली तरी बिघडायच्या आत पाकीट संपतं.

कपाचं थोडक्यात. दाणे हलवून बसवले की त्याच रेघेला वेगळं वजन येतं, आणि माप जितकं लहान तितकी चूक मोठी. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा वापरा. लहान पिल्लाच्या बाबतीत पाच-दहा ग्रॅमही मोजण्यासारखे असतात.

मुळात कित्येक ‘खात नाही’ पिल्लांना गरजेपेक्षा जास्त वाढलेलं असतं. पाकिटावरचा आकडा पूर्ण दिवसाचा असतो, एका वेळचा नव्हे. पपी फूडच्या तक्त्यात पुष्कळदा वजनाचा रकाना मोठेपणी होणाऱ्या वजनाचा असतो, आजच्या नव्हे, तो नीट वाचा. ताळा करायचा तर सूत्र असं: वजनाचा (किलोत) 0.75 घात, गुणिले 70. चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट कॅलरी, त्यानंतर सुमारे दुप्पट. पाच किलोच्या पिल्लाचा पाया 234 येतो, म्हणजे चार महिन्यांआधी 700 कॅलरी आणि नंतर 470च्या आसपास. 100 ग्रॅमला 380 कॅलरी असलेलं खाद्य असेल तर 185 ग्रॅमवरून 123 ग्रॅमवर उतरायला हवं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते. याच सुमारास घरातले म्हणू लागतात, “आधी छान खायचं, आता नखरे करतं.” हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे, जात आणि धावपळ यानुसार तो इकडेतिकडे होतो. खात्री पिल्लाच्या अंगाला हात लावूनच करायची: हात पालथा, सपाट ठेवून बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवल्यावर जसं लागतं तशा बरगड्या लागायला हव्यात, आणि वरून बघितल्यावर कंबर दिसायला हवी. दर आठवड्याला वजन वाढत असेल आणि बरगड्या अशा लागत असतील, तर उरलेले दाणे खुशाल उचलून ठेवा.

खाऊ दिवसभराच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. 470 कॅलरीच्या पिल्लाला 47. ट्रेनिंगची बिस्किटं, चघळायच्या काड्या, जेवणाच्या टेबलाखाली सरकवलेले तुकडे, सगळं यात धरा. घरात चार माणसं असतील तर सकाळीच दिवसाचा खाऊ एका वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला.

खाद्याचा एकही तारा का कापला नाही, ते कोमट पाण्यात भिजवल्यावर कळतं. एका वेळचे 40 ग्रॅम दाणे, 40 मिली पाणी, पाणी 40 अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटावर टाकल्यावर गरम नव्हे तर उबदार लागेल असं. वर ताटली झाकून दहा मिनिटं. झाकण काढल्यावर वास खोलीभर येतो. दाणा बोटात दाबला तर बाहेरून मऊ पण मध्ये अजून थोडा कडक हवा. पार लगदा झाला तर पाणी जास्त किंवा फार गरम होतं. उकळतं पाणी घालून गार होण्याची वाट बघत बसू नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलंच तर नीट ढवळा, कारण मध्येच चटका बसेल असा भाग राहतो. एकदा तोंड भाजलं की पिल्लू त्या बाऊलकडे पुन्हा संशयानेच बघतं. भिजवलेलं उरलं तर तासाभरात फेकायचं. दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येईपर्यंत, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यात, हिरड्या दुखत असतात. तेव्हा भिजवण्याचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो.

टॉपर, म्हणजे चवीसाठी दाण्यांवर घालायचं खाद्य, याबद्दल आधी लिहिलेलं मत बदलत आहे. याच कंपनीच्या ग्रेव्हीच्या पाऊचला पहिल्यांदा पाच तारे दिले होते, ते आता तीन. दाण्यांवर ग्रेव्ही ओतली की बाऊल ताबडतोब रिकामा होतो हे खरं, पण पिल्लू लवकरच वरची ग्रेव्ही चाटून दाणे ठेवायला शिकतं. मग माणूस आणखी ओततो. पुढे कोंबडी, मग काळीज, मग हातातून घास. नकार दिला की अधिक चांगलं मिळतं, हा धडा प्रत्येक वेळी पक्का होत जातो. पाऊचवर बारीक अक्षरात ‘पूरक खाद्य’ असं लिहिलेलं असतं. ‘पूर्ण आहार’ असं लिहिलेलं नसेल तर नुसत्या त्यावर पिल्लू वाढवता येत नाही.

टॉपर वापरायचाच तर एक चमचा ग्रेव्ही दोन मोठे चमचे कोमट पाण्यात फेटायची आणि प्रत्येक दाण्याला लागेल अशी कालवायची, म्हणजे निवडून खायला काही उरत नाही. तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा, मग पाव, मग नुसतं पाणी. उघडलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको. वाढताना कोमट करून घ्या, गार ग्रेव्हीला वास उठत नाही.

घरी करायचं तर हाडं काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात उकडा, पाणी फ्रिजमध्ये गार करून वर जमलेला चरबीचा थर काढा आणि उरलेलं पाणी दोन चमचे वापरा. मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि तयार स्टॉक क्यूबमध्ये कांद्याची पूड बहुधा असतेच. पीनट बटर देत असाल तर लेबलवर झायलिटॉल (कुत्र्याला विषारी असलेला साखरेचा पर्याय) शोधा, असेल तर डबा पिल्लापासून लांब. रोज नुसती कोंबडी देणं वाढत्या हाडांना घातक आहे, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. उलट, पूर्ण पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियमची पावडर घालणंही तितकंच चुकीचं, मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये तर फारच.

बाऊल कंपनीचा नाही, पण खाण्यावर परिणाम करतो म्हणून लिहितो. खोल स्टीलच्या बाऊलवर गळ्यातला बिल्ला टणटण वाजतो आणि बुजरी पिल्लं मागे सरतात. पट्टा काढा किंवा उथळ ताटली घ्या. चपट्या नाकाच्या जातींना ताटलीच हवी. गुळगुळीत फरशीवर बाऊल पुढे सरकत जातो, खाली रबरी रिंग असलेला घ्या. प्लास्टिक टाळा, त्याला वास धरतो. आणि बाऊल रोज धुवा, नुसता विसळून बुळबुळीत थर जात नाही.

वेळेची शिस्त: चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन. बाऊल 15 ते 20 मिनिटं ठेवायचा, मग न बोलता उचलायचा. दोन जेवणांच्या मध्ये काही नाही, पाणी मात्र कायम. समोर बसून “खा ना, खा ना” करत राहिलात तर जेवणापेक्षा आपल्याकडे लक्ष मिळवणं त्याला जास्त गोड वाटतं.

ही शिस्त अगदी लहान जातीच्या, तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लावू नका. त्यांची रक्तातली साखर काही तासांच्या उपासानेही घसरते. पिल्लू झोपाळलं, लटपटलं, थरथरलं, हिरड्या फिक्या पडल्या, तर साखरेचा पाक किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळायचा आणि तडक व्हेटकडे निघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही.

बाकीच्यांसाठी मर्यादा अशी धरा: चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाने 12 तास, त्याहून मोठ्याने 24 तास काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा. त्याबरोबर उलटी, जुलाब, शौचात रक्त किंवा मरगळ असेल तर तासही मोजायचे नाहीत. पार्वो या आतड्याच्या जीवघेण्या विषाणू-आजाराची सुरुवात अशीच होते, आणि लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लात ती आधी डोक्यात यायला हवी. लस टोचल्यावर एक-दोन दिवस भूक मंदावणं वेगळं, ते आपोआप सुटतं. पोट फुगलेलं, अंगाला मांस नाही, केस निस्तेज असतील तर जंत. जंताचं औषध 12 आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यायची सर्वसाधारण पद्धत आहे. तारखा राहून गेल्या असतील तर भूक वाढवायच्या टॉनिकवर पैसे घालण्याआधी ते बघा.

ब्रँड बदलायचाच ठरला तर सात ते दहा दिवसांत बदला: पाव नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. एका दिवसात बदलल्यामुळे पोट बिघडलं तर दोष नव्या खाद्याला लागतो आणि पुढच्या आठवड्यात तिसरं पाकीट घरात येतं. लहान जातीची पिल्लं 10-12 महिन्यांत प्रौढ खाद्यावर जातात, मोठ्या जातींना दीड वर्षही लागतं. तो महिना जवळ आला असेल तर पपी फूडचं मोठं पाकीट मुळीच उघडू नका. बदलाच्या काळात दोन पाकिटं एकाच वेळी उघडी असतात, म्हणून दोन्ही सगळ्यात लहान मापाची घ्या.