बेंगाल आणि जमना: युद्धातली दोन रक्षक जहाजं

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीकडे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलाकडे, असलेल्या या दोन जहाजांची कामगिरी अगदी वेगळी आहे.

बेंगाल हे ऑस्ट्रेलियात बांधलेलं छोटं कॉर्व्हेट, म्हणजे इतर जहाजांची राखण करणारं हलकं युद्धजहाज. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ते 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालं होतं. समोर जपानची दोन सशस्त्र जहाजं आली. त्यातलं 'होकोकू मारू' दहा हजार टनांहून मोठं, आणि बेंगालवर एकच बारा पौंडी (बारा पौंड वजनाचे गोळे डागणारी) तोफ! तरी बेंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी जहाज थेट शत्रूवर घातलं. होकोकू मारू बुडालं. निर्णायक गोळा बहुधा ओंदिनाचा होता, पण त्यामुळे बेंगालच्या धाडसाला उणेपणा येत नाही. बेंगाल आणि ओंदिना दोन्ही बंदराला लागली.

जमना स्कॉटलंडमध्ये बांधलेलं स्लूप, म्हणजे कॉर्व्हेटपेक्षा मोठं रक्षक जहाज, चार इंची सहा तोफांचं. त्याच्या वाट्याला अशी एकच गाजलेली लढत नाही. ताफ्यांची राखण, १९४३ची सिसिली मोहीम, स्वातंत्र्यानंतर सर्वेक्षणाचं काम.

धैर्यात बेंगाल माझ्या मते अतुलनीय. पण रक्षक जहाजाचं खरं रोजचं काम समजून घ्यायचं तर जमनाची कारकीर्द वाचावी.