लिफ्ट केलेल्या जिप्सीची थरथर: बॅलन्सिंग, पाचर की नवा शाफ्ट?

मारुती जिप्सीला दोन-तीन इंच लिफ्ट दिली, म्हणजे सस्पेन्शनवरून गाडी उंच केली, की सुरुवातीचे दिवस मजेत जातात. मग कधीतरी ७०-८० च्या वेगाला सीटखालून थरथर सुरू होते. गॅरेजवाला क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) बदलतो, प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा फिरता दांडा) बॅलन्स करून आणतो, गाडी सुधारते आणि काही दिवसांनी दुखणं परत येतं. अशा वेळी समोर साधारण चार वाटा असतात: पुन्हा बॅलन्सिंग, पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) पाचर लावून पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्टचा जोर घेणाऱ्या गिअरचा) कोन दुरुस्त करणं, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा) खाली घेणं, नाहीतर डबल कार्डन जॉइंटवाला (दोन क्रॉस एकत्र असलेल्या सांध्याचा) शाफ्ट बनवून घेणं. माझं मत आधीच सांगतो. कोन मोजल्याशिवाय यातल्या कशावरही पैसे घालू नका.

आधी फुकटातली तपासणी

गाडीखाली जाऊन शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) बघा. ते एकाच रेषेत हवेत. ग्रीसिंगसाठी स्प्लाइन (शाफ्टचा सरकणारा दातेरी जोड) बाहेर काढून परत बसवताना एखाद-दुसरा दात चुकला तर दोन्ही क्रॉस एकमेकांशी जुळत नाहीत आणि नवाकोरा शाफ्टही हादरे देतो. सर्व्हिसिंगनंतर थरथर सुरू झाली असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. लिफ्टमुळे शाफ्टला जास्त अंतर गाठावं लागतं, त्यामुळे स्प्लाइन आत किती उरली आहे तेही बघा. ती थोडीच अडकलेली असेल तर शाफ्ट लुडबुडतो. फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जिथे बसतो त्या चकतीवर) स्पेसर टाकून ते निभावतं.

जिप्सीची एक खास गोष्ट विसरू नका. तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. ती रबर माउंटिंगवर वेगळी टांगलेली असते आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. माउंटिंग फाटलं की ॲक्सिलरेटर दाबताच केस पिळली जाते. आपण मागचा शाफ्ट खोलत बसतो आणि दोष मात्र रबराचा निघतो. टॉमी (लोखंडी पहार) लावून केस हलवून बघायला दोन मिनिटं पुरतात.

थरथर कधी येते?

जागेवरून उचलताना, २०-३० च्या आत, जोर दिल्यावर हादरे येत असतील आणि पाय काढताच थांबत असतील, तर कोन बिघडलेला आहे. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक, म्हणजे शाफ्टकडचं टोक, वर उचलतं. एका ठरावीक वेगानंतर जोर असो वा नसो थरथर राहते, तर बॅलन्स, वाकलेली नळी किंवा टायर. पाय काढल्यावरच घरघर येत असेल तर पिनियनचं बेअरिंग ऐकून बघा.

याहून नेमकं हवं असेल तर मोबाइलवरचं कंपन मोजणारं ॲप वापरा. २८ इंची टायर आणि डिफचा (मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलचा) ४:१ रेशो धरला तर ६० च्या वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं आणि शाफ्ट ३०. ॲपवर साडेसाताला टोक दिसलं तर टायरवाल्याकडे जा. ३० ला दिसलं तर शाफ्टचा बॅलन्स. ६० ला दिसलं तर कोन, कारण तिरका चालणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसमध्ये हाय रेंजलाही (नेहमीच्या रस्त्यावरच्या गिअरलाही) वेग घटतो, म्हणून मधला आखूड शाफ्ट प्रॉपेलर शाफ्टच्या जवळपास दीडपट फिरतो. चाळिशीच्या आसपास टोक आलं तर तो तपासा.

शेवटची खात्री म्हणजे मागचा शाफ्ट पूर्ण काढा, हब लॉक करा (पुढची चाकं त्यांच्या ॲक्सलला जोडा) आणि फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर, हाय रेंज) फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवून बघा. थरथर गेली तर गुन्हेगार सापडला. शाफ्ट काढलेली गाडी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) उभी केली तर गिअरमध्ये टाकूनही ती थांबत नाही. चाकाला दगड लावा.

बॅलन्सिंग की पाचर?

लिफ्टनंतर थरथर पुन्हा पुन्हा येत असेल तर बॅलन्सिंगने आराम पडतो, आजार जात नाही. शाफ्टला मार लागलाय किंवा वेल्ड केलेलं वजन गळालंय असं दिसलं तरच तिथे पैसे घाला.

पाचरीचा हिशोब असा. गाडी सपाट जागी, चाकांवर, नेहमीचं सामान टाकून उभी करा. गॅरेजच्या लिफ्टवर टांगून घेतलेलं माप बाद. चुंबकवालं डिजिटल अँगल गेज घ्या. समजा ट्रान्स्फर केसची फ्लँज ४ अंश कललेली आहे, शाफ्ट १२ अंश आणि पिनियन १ अंश, सगळे एकाच दिशेला. म्हणजे वरच्या क्रॉसवर ८ अंश आणि खालच्या क्रॉसवर ११. हा ३ अंशांचा फरकच गाडी हलवतोय. ३ अंशांची पाचर पिनियनचं नाक वर करते आणि दोन्हीकडे ८ होतात. जोर दिल्यावर पाटे पिळून नाक आणखी उचलतं, म्हणून मी पाचर एखादा अंश कमीच धरेन.

पाचरीची जाड बाजू कुठे हे नीट बघा. मूळ जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. तिथे मागच्या ॲक्सलचं नाक वर करायला जाड बाजू पुढे येते. कोणी पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर नेमकं उलटं. मागच्या टोकाला लांब शॅकल (पाटा चासीला जोडणारी झुलती पट्टी) लावून लिफ्ट केलेली असेल तर नाक आधीच वर गेलेलं असतं, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं माप चालत नाही. पाचर लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची ठोके खाऊन फुटते.

मग डबल कार्डन कशाला?

कारण ८ आणि ८ हे जुळले तरी मोठेच आहेत. टोकाला वेगाची चढउतार एकमेकींना मारते, पण मधली नळी कमीजास्त वेगाने फिरतच राहते. घाटात, कच्च्या रस्त्यावर ते जाणवत नाही, महामार्गावर ९० ला जाणवतं आणि क्रॉसही लवकर संपतो. ३ अंशांच्या आतला कोन सुखाचा. पाटे वर घेऊन पाचेक इंच उचललेल्या गाडीला पाचरीवर भागवणं मला पटत नाही.

डबल कार्डन ट्रान्स्फर केसच्या टोकाला बसतो आणि पिनियन थेट शाफ्टच्या रोखाने वळवावं लागतं, दीड-दोन अंश खाली ठेवून. जुन्या कोनावर हा शाफ्ट लावला तर खालचा एकटा क्रॉस सगळं झेलतो आणि थरथर वाढते. तोटेही आहेत. जॉइंटच्या मधल्या बॉलला ग्रीस नीट पोचलं पाहिजे, चिखलातून काढल्यावर तर हमखास. आणि पिनियन फार वर गेलं की त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल कमी पडतं, तेव्हा डिफची पातळी नव्याने ठरवा.

ट्रान्स्फर केस खाली घेणं जिप्सीपुरतं मी सरळ नाकारेन. मागचा कोन कमी होतो, पण मधल्या शाफ्टचा वाढतो, तोही सगळ्यात जोरात फिरणाऱ्या शाफ्टचा. शिवाय लिफ्टने मिळवलेली उंची पोटाखाली गमावली जाते.

नव्या थारला किंवा जिम्नीला मागे पाटे नाहीत, कॉइल आणि आर्म (ॲक्सल धरणारे दांडे) आहेत. तिथे पाचरीचं काम आर्मची लांबी किंवा माउंट बदलून करावं लागतं. थारला पुढे सलग ॲक्सलही नाही, तेव्हा पुढून येणारी थरथर असेल तर वळलेल्या चाकांवर जोर देऊन बघा. हाफ शाफ्टचे (डिफपासून एकेका चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे) जॉइंट तिथेच बोलतात.