कागद तपासणारा पोलीस की तक्रार ऐकणारा?

रावेर-यावलच्या केळीबागांत, भुसावळ स्टेशनाबाहेर परमुलखातले मजूर दिसतातच. त्यांत कुणी बेकायदा परदेशी आहे का, हा प्रश्न येतोच. परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा नि वास्तव्याचा २०२५ चा कायदा केंद्राचा, पण राबवायला जिल्ह्याचेच पोलीस.

बीट हवालदारानेच दिसेल त्याला ‘आधार दाखव’ म्हटलं तर? आधार हा मुळात नागरिकत्वाचा पुरावाच नाही. एखादा घुसखोर सापडेलही. पण मुकादमाने मजुरी बुडवली, बाईला मारलं, तरी कुणी ठाण्याची पायरी चढणार नाही. बंगाली बोलणारा अस्सल भारतीयही तोंड उघडणार नाही. अमेरिकेत स्थानिक पोलिसांना परदेशी स्थलांतरितांवर कारवाईचे अधिकार देता येणाऱ्या १९९६ च्या २८७-जी कलमावरून हाच वाद पेटलेला आहे.

त्यापेक्षा कागदांची चौकशी जिल्हा विशेष शाखेने, म्हणजे पोलिसांच्याच वेगळ्या गोपनीय शाखेने करावी, हेच मला पटतं. तपासाला वेळ लागेल, लागू दे. पोलीस पाटलाकडे मजूर बिनधास्त तक्रार तरी घेऊन येईल.